ती लू नव्हती

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, नागपूरचा पारा ४५ च्या वर, दुपारचे साडेबारा. मी नर्स, पेशंटच्या घरचे मला ब्रदर म्हणतात. मानेवाड्यातून फोन आला. "ब्रदर, यांचं डोकं फुटून राहिलं म्हणतात. तोंड लालबुंद झालं, घाम थांबूनच नाही राहिला. लू लागली वाटते. लवकर या न जी."

पेशंट म्हणजे फोन करणाऱ्या वहिनींचा नवरा, वय ३६, इलेक्ट्रिशियन. चौदा महिन्यांपूर्वी बांधकामाच्या स्लॅबवरून पडला आणि पाठीचा कणा डी-४ ला मोडला. (म्हणजे छातीमागच्या मणक्यांतला वरून चौथा. पुस्तकात टी-४ लिहितात, आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर डी-४. एकच.) स्क्रू-रॉड टाकून ऑपरेशन झालं, पण छातीवर स्तनाग्रांची रेषा धरली तर तिच्या खाली ना हालचाल ना संवेदना. लघवीला कायमची नळी. घरी वहिनी आणि सासूबाई, म्हणजे आजी, दोघीच.

फोनवर एकच विचारलं, घाम नेमका कुठे? "कपाळाले, मानेले, खांद्याले. पाय तर कोरडे हायेत."

डी-६ किंवा त्याच्या वर कण्याला मार बसलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकायला लागलं, घाम फक्त वरच्या भागाला आला आणि तोंड लाल झालं, की लू, ॲसिडिटी, जागरण हे सगळं बाजूला ठेवायचं आणि आधी बीपी बघायचं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. वेळेत कारण सापडलं नाही तर झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होतो. आणि कारण बहुतेक वेळा अगदी किरकोळ असतं.

बीपीचं मशीन घरात नव्हतं. म्हणून फोनवरच सांगितलं: आधी उठवून बसवा, पाठीला गादीची वळकटी लावा, पाय पलंगाखाली लोंबकळू द्या. पोटाचा पट्टा, पायजम्याची नाडी, पायातले घट्ट मोजे काढा. १०८ ला फोन लावा. आणि लघवीची नळी पिशवीपासून वरपर्यंत हातानं चाचपत जा.

पंधरा मिनिटांत पोचलो तेव्हा तो बसलेला होता. फोन करायच्या आधी मात्र घरातल्यांचे लूवरचे सगळे उपाय करून झाले होते. पाऊण तास त्याला सपाट निजवून, पायांखाली दोन उशा देऊन ठेवलं होतं. तळपायांना कांद्याचा रस चोळला होता. सकाळपासून पन्हं आणि ग्लुकोजचं पाणी मिळून जवळजवळ दीड लिटर पोटात गेलं होतं. आजी म्हणाल्या, "म्या सारं केलं जी, तरी उतरूनच नाही राहिलं." लू असती तर यातलं बरंचसं बरोबर ठरलं असतं. इथं सगळं उलटं पडलं. पाय वर केले की रक्त वरच्या दिशेनं ढकललं जातं आणि आधीच चढलेलं बीपी आणखी चढतं. दीड लिटर पाण्याची लघवी तयार होत होती, आणि ती बाहेर पडायला वाट नव्हती.

काखेत थर्मामीटर: ९९. नाडी ५४. बीपी १९०/११०. या माणसाचं नेहमीचं बीपी १००/६० असतं. वरच्या कण्याच्या पेशंटचं ते तसंच कमी असतं, आणि म्हणूनच एखाद्या कॅज्युअल्टीत कुणी १४० बघून "ठीक आहे, थोडं टेन्शन असेल" म्हणून परत पाठवतं. नेहमीच्या आकड्यापेक्षा वरचं बीपी २० ते ४० नं वाढलं तरी धोक्याची घंटा समजायची. याचं ९० नं वाढलं होतं.

लू आणि हे, दोन्हींत तोंड लाल होतं, दोन्हींत डोकं दुखतं. पण उष्माघातात अंग तापतं, ताप १०४ च्या पुढे जातो, नाडी पळते, माणूस बरळतो. इथं अंग तापलेलं नव्हतं, नाडी मंद होती, माणूस शुद्धीवर होता आणि मला नीट सांगत होता की कानशिलं उडताहेत. हातांवर काटा आला होता. छातीच्या वर निथळणारा घाम, छातीखाली कोरडी थंडगार कातडी. जणू मधोमध रेघ ओढली होती.

रेघेचं कारण सोपं आहे. मूत्राशय फुगलं की त्याचा निरोप मज्जारज्जूतून वर जायला निघतो, मोडलेल्या जागी अडतो, पण खालच्या भागात खळबळ उडवून देतो. पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. मेंदूला मानेतल्या धमन्यांवरून ते कळतं. तो नाडी मंद करतो, चेहऱ्याच्या वाहिन्या फुलवतो. खालच्या वाहिन्या सैल करा हा हुकूम मात्र मोडलेल्या जागेच्या पलीकडे पोचत नाही. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचा ताबा साधारण डी-५, डी-६ पासून खाली असतो, म्हणून डी-६ ही सीमा. गुटमन आणि व्हिटरिज या दोघांनी इंग्लंडमध्ये १९४७ सालीच हे मांडलं. ज्या गुटमननी पुढच्या वर्षी व्हीलचेअरवरच्या जखमी सैनिकांच्या स्पर्धा भरवल्या आणि ज्यांतून पॅरालिम्पिक उभं राहिलं, तेच हे. इतकी जुनी गोष्ट, आणि या घरातल्या डिस्चार्ज कार्डावर तिचा एक शब्द नव्हता. "कॅथेटर केअर एक्सप्लेन्ड" असा शिक्का मात्र होता.

पिशवीत सकाळी सातपासून जेमतेम दीडशे मिली. वहिनींनी नळी चाचपली होती, पण पलंगाच्या कडेपर्यंतच. पुढे चादर होती. चादर काढली तर नळी मांडीखालून गेलेली, वरून सत्तर किलोचा माणूस. आदल्या संध्याकाळी गरम होतं म्हणून पलंग फिरवून कूलरसमोर आणला होता. पिशवी मात्र सवयीनं पलंगाच्या जुन्याच बाजूच्या पायाला अडकवली, आणि नळी वरून येण्याऐवजी अंगाखालून आली. ज्याला मांडीखाली काय रुततंय तेच कळत नाही, तो तक्रार करणार कशी?

नळी मोकळी केली. ऐंशी-नव्वद मिली आली आणि थांबली. बीपी १८४. म्हणजे आत आणखी अडथळा होता. अशा वेळी पोट दाबून लघवी काढायला जायचं नाही, बीपी आणखी उसळतं. अंगाइतकं कोमट नॉर्मल सलाइन, १० मिली, सिरिंजनं हळू आत सोडलं. आत गेलं, परत आलं नाही. मग धुण्यात वेळ घालवायचा नाही, नळीच बदलायची.

घाई इथं अंगाशी येते. संवेदना नाही म्हणून जेली न लावता नळी घातली तर तोच स्पर्श नवी ठिणगी ठरतो. जुन्या नळीला आत धरून ठेवणाऱ्या फुग्यातलं पाणी काढताना सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला की फुगा वेडावाकडा मिटतो. सिरिंज लावून सोडून द्यायची, पाणी आपोआप येतं. दहा मिली भरलं होतं, दहा आलं का ते मोजायचं. नळी काढली. मूत्रमार्गात बधिर करणारी २ टक्के लिग्नोकेन जेली, दहा मिली. घड्याळ लावून थांबलो. बीपी चढलेलं असताना हात बांधून बसणं घरच्यांना बघवत नाही. आजी दोनदा म्हणाल्या, "टाका न जी लवकर." तेवढ्यात १०८ आली. गाडीवरचे डॉक्टर वर आले, त्यांनी बीपी बघितलं आणि औषधाची तयारी ठेवून नळी आधी टाकायला सांगितलं. हा निर्णय डॉक्टरांचाच. बीपी झटकन उतरवणारी गोळी घरात ठेवून जिभेखाली द्यायची, असा सल्ला काही जण देतात; बीपीचं मशीनही नसलेल्या घरात तो मला अजिबात पटत नाही. कारण दूर झालं की बीपी आपसूक कोसळतं, वर गोळी असेल तर माणूस बेशुद्ध पडतो.

१६ नंबरची नवी नळी घातली, लघवी वाहायला लागल्यावरच फुगा भरला. पिशवीत साडेसातशे मिली जमा झाली. दर तीन-चार मिनिटांनी बीपी घेत होतो: १६८, १४६, १२८. तो म्हणाला, "कानातला आवाज बंद झाला." पंचवीस मिनिटांत ११२/७०.

काढलेली नळी मी टाकून दिली नाही, वहिनींना दाखवली. टोकाच्या दोन्ही भोकांवर पांढरट पुटं चढली होती, नखानं खरवडली तर बारीक रव्यासारखी हाताला लागत होती. लॅटेक्सची नळी साधारण तीन-चार आठवड्यांत बदलावी लागते. ही साडेसहा आठवडे आत होती. वहिनींचा हलगर्जीपणा म्हणायचा तर आधी हे ऐका. नळी बदलून देणारा जवळच्या दवाखान्यातला कंपाउंडर लग्नसराईत गावाला गेला होता. ओपीडीत न्यायचं तर दुसऱ्या मजल्यावरून जिन्यानं खाली उतरवायला चार माणसं, भाड्याची गाडी, रांगेत अर्धा दिवस, आणि त्या अर्ध्या दिवसात व्हीलचेअरवर बसून माकडहाडाजवळ लाली. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसलं होतं. घरी दर महिन्याला लागणारी नळी, पिशवी, जेली, हातमोजे मात्र खिशातून.

गाडी परत गेली, पण मी थांबलो. कारण सापडल्यावरही किमान दोन तास बीपी बघत राहायचं असतं, आणि एक कारण सापडलं म्हणून शोध बंद करायचा नसतो. तीन वाजता आकडा पुन्हा १३६ ला गेला. लघवी व्यवस्थित वाहत होती. पायांची नखं पाहिली, टाचा पाहिल्या, अंडकोष चिमटला गेलाय का पाहिलं. मग संडासचं विचारलं. वहिनी जरा थांबल्या. चार दिवस झाली नव्हती. एक दिवसाआड सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) ठेवून करवायची, हे त्यांना माहीत होतं. पण त्याला एका कुशीवर धरून ठेवायला कंबर साथ देत नव्हती, आणि सासूबाईंच्या हातात तेवढा जोर नाही. पुन्हा जेली, पुन्हा पाच मिनिटं थांबणं, एक बोट, खडे झालेला मळ. साडेचारला १०४/६२.

वहिनींच्या कंबरेचं गणित दिवाणातच होतं. घरगुती दिवाण, जमिनीपासून गादीसकट दीड फूट. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा दीड फुटांवर वाकून सत्तर किलो सरकवायचे. खेचलं की त्याची कातडीही सोलते, ते वेगळंच. पलंग त्यांच्या कमरेच्या उंचीला यायला हवा. सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घेतले, विटा नको, त्या सरकतात. अंगाखाली दुहेरी घडी घातलेली जुनी सुती साडी आडवी टाकायची, दोघींनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरायच्या आणि उचलून सरकवायचं. गादीला पाठ सपाट टेकवायची नाही आणि अगदी काटकोनातही नाही, तीस अंशांत, पाठीला उशी.

वहिनी सलग तीन तास शेवटचं कधी झोपल्या होत्या ते त्यांना आठवेना. येणारे नातेवाईक सफरचंदं घेऊन येतात आणि चहा पिऊन जातात. त्यातल्या एकाला, पेशंटच्या मावसभावाला, मी त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं आणि कूस बदलायला, पिशवी रिकामी करायला शिकवलं. रविवार दुपारचे तीन तास त्याचे. दिव्यांग हक्क कायद्यात, २०१६ च्या, काळजीवाहकाची व्याख्या आहे, भत्त्याचीही तरतूद आहे. पण वहिनींच्या हातात आज पडण्यासारखं काय होतं, तर मावसभावाचे तीन तास.

कूलर बंद करू नका, हेही सांगावं लागलं, कारण आजींनी दोष कूलरला दिला होता. छातीखाली घामच येत नाही म्हणजे या माणसाला खरी लूही इतरांपेक्षा लवकर लागणार. अंगावर पाण्याचा फवारा, ओला पंचा, वर पंखा. बर्फाची पिशवी मात्र नाही. कातडी जळली तरी त्याला कळणार नाही, आणि तो गारठाही बीपी चढवू शकतो.

कपाटाच्या दारावर जाड पेननं कागद लिहून चिकटवला. सगळ्यात वर: नेहमीचं बीपी १००/६०. खाली: डोकं दुखलं की बसवा, सैल करा, नळी बघा, पोट साफ आहे का बघा, १०८. तोच मजकूर लहान अक्षरांत त्याच्या पाकिटात, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना दाखवायला. कॅलेंडरवर चौथ्या आठवड्याच्या सोमवारी गोल केला: नळी.

आजींना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी पिशवीवर वहिनींच्या लाल नेलपॉलिशनं दोनशेच्या खुणेवर आडवी रेघ ओढली. पिशवी रिकामी केल्यापासून चार तासांत लघवी रेघेला शिवली नाही, तर आधी नळी बघायची आणि मग सुनेला उठवायचं. आजींनी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "अन् रेघेच्या लयच वर गेली त?" तर पिशवी दोन-तृतीयांश भरायच्या आत रिकामी करायची, म्हटलं. त्यांनी नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि वर दुसरी रेघ स्वतःच ओढली, थोडी तिरपी.