दर्शनी फळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गणित, इंग्रजी, शिस्त यांबद्दल माझे वर्गमित्र लिहितीलच. मला जिन्याशेजारच्या दर्शनी फळ्याबद्दल लिहायचं आहे. आठवीपासून त्यावरचा सुविचार आणि दिनविशेष माझ्याकडे होता.

चित्रकलेच्या सरांनी पहिल्याच दिवशी खडूने लिहू न देता तो फरशीवर तिरका घासायला लावला. टोक चपटं झालं की खडू बोरूसारखा चालतो. एकाच फटक्यात रेघ जाड होते आणि वळणावर आपसूक बारीक. खडू पाण्यात बुडवून लिहिलं तर ओलं असताना काहीच धड दिसत नाही, वाळल्यावर मात्र अक्षर पांढरंशुभ्र उठून येतं. तोवर धीर धरायचा. 'म'चं पोट, 'भ'ची गाठ, 'थ'चा डोळा दाखवत सर म्हणायचे, "रेघ नंतर बघ. आतली मोकळी जागा आधी बघ." आजही कुठलीही पाटी दिसली की माझी नजर आधी तिथेच जाते.

आप्पा यंत्रमागावर कामाला होते. मजुरी 'पिकावर' (विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर), म्हणजे माग जेवढा चालेल तेवढी. वीज गेली किंवा सूत महागलं की माग थांबायचे आणि घरात उसनवारी सुरू व्हायची. इचलकरंजीत आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांनी हेच पाहिलं आहे. त्यामुळे "अक्षरं रंगवून पोट भरतंय व्हय रं?" हा आप्पांचा प्रश्न मला कधी दुष्टपणाचा वाटला नाही. माझ्या वाट्याला माग येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

दहावीला सहामाहीनंतर चित्रकलेचा तास गणिताला गेला आणि फळाही दुसऱ्याकडे गेला. सर त्या आठवड्यात घरी आले. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. मला चित्रकार करा असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "आप्पा, डिप्लोमाला घाला, पण याचा हात बंद पडू देऊ नका. रोज अर्धा तास द्या." आप्पांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग आईला चहा टाकायला सांगितला. आमच्या घरात याचा अर्थ होकार असा होता.

१९९१ च्या मार्चमध्ये दहावी झाली. मग इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आणि पुण्यात नोकरी. पण तो अर्धा तास सुटला नाही. डिप्लोमाच्या सुट्ट्यांत एका पेंटरकाकांच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या केल्या. खडू लावलेल्या सुताने रेघ कशी मारायची, इनॅमल किती पातळ करायचा, हे त्यांच्याकडे शिकलो. पुढे फ्लेक्स आला आणि पाहता पाहता त्या मंडळींचं काम गेलं. त्यांच्यासारखा 'श्री' छापील फलकावर मला अजून दिसलेला नाही.

पुण्यात र. कृ. जोशी यांचं काम पाहायला मिळालं आणि मी हादरलोच. जाहिरातीच्या क्षेत्रात वावरलेला, पवईच्या आयआयटीत शिकवणारा हा सुलेखनकार संगणकासाठी भारतीय लिपींची अक्षरं घडवत होता. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचाच. अक्षर आणि यंत्र यांच्यात वैर नाही, हे मला तिथे कळलं. फॉन्ट म्हणजे नुसतं देखणं वळण नव्हे. ऱ्हस्व वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते, पण दिसायला आधी हवी. रफार नेमका कोणत्या अक्षरावर चढवायचा, जोडाक्षर कुठे उभं रचायचं आणि कुठे आडवं, याचे नियम एकेक करून लिहावे लागतात. इथे डिप्लोमा कामी आला. कंपनीतली नोकरी मी सोडली नाही, संध्याकाळी मात्र अक्षरांना बसलो. त्यातली काही आज पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आहेत. शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेतली अक्षरांची रूपं ठरवून दिली, तरी मोबाइलवर आपला पाकळ्यांचा 'ल' जाऊन अनेकदा हिंदी वळणाचा 'ल' येतो. मला ते सलतं. हे नीट करण्यासाठी अजून पुष्कळ हात लागणार आहेत, आणि ते शाळांतूनच यायला हवेत.

म्हणून विद्यमान शिक्षकांना आणि पालकांना एक कळकळीची विनंती आहे. रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे वाढीव गुण आता दहावीत मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. त्या निमित्ताने मुलं स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन मन लावून करतात. पण इंटरमिजिएटचा निकाल लागला की ब्रश कपाटात जातो तो जातोच. घरोघरी आप्पांसारखी काळजी असणार, ती खोटी नाही. पण आठवड्यातला एक तास काढून घेतल्याने गणिताचे गुण किती वाढतात, हे आपण कधी तपासलं आहे का?

दहावीचा चित्रकलेचा तास मार्चपर्यंत वेळापत्रकात राहू द्या. शिक्षकांची अडचण असेल तर महिन्यातून एका शनिवारी पुण्याहून येऊन तो तास मी घेईन. मुख्याध्यापकांना तसं पत्र दिलं आहे. बोरू आणि शाई मी आणीन, मुलांनी फक्त जुनी वर्तमानपत्रं आणावीत.