दारातली पिवळी पट्टी

मंगळवार-शुक्रवार मी खुर्चीवर बसून करायच्या योगाचा क्लास घेते, सहाच जण, त्यात एक पार्किन्सनवाले, म्हणजे कंपवात असलेले काका. पहिल्याच दिवशी दारात अडकले, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, आणि मी शहाणी, हात धरून ओढायला गेले तर दोघंही पडता पडता वाचलो! काकू मागून शांतपणे म्हणाल्या, "अगं ओढू नकोस, पुढे काहीतरी आडवं ठेव." मग योगाचा पट्टाच उंबऱ्यापाशी टाकला आणि काका तो ओलांडून सरळ आत. (पार्किन्सनमध्ये आपोआप होणारं चालणं अडतं, पण डोळ्यासमोर रेघ असली की पाऊल उचलतं बऱ्याच जणांचं.) आता तिथे पिवळी चिकटपट्टी लावलीय, कायमची.

दोर, लोड, लाकडी विटा, खुर्ची घेऊन आजारी माणसालाही आसनं करता येतात हे पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी कधीच दाखवून दिलंय, मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ची, तरी लोक विचारतातच "खुर्चीवर बसून कसला योग?" असो.

मला खरं डोकं लावावं लागतं ते काय करायचं नाही यात. काचबिंदू असेल तर डोकं खाली नाही, बीपीवाल्यांना श्वास रोखणं नाही, गुडघा बदललेल्यांना मांडी नाही. आणि काकांसाठी क्लास दहाचा अकराला केला, कारण त्यांची गोळी दहाची, ती चढल्याशिवाय हात वर जातच नाहीत.

परवा काकू चिकटपट्टीचं उरलेलं रीळ मागून घेऊन गेल्या. बाथरूमच्या दारात लावायला.