आधी नमुना, मग डोस

कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. पेशंटशी आमची गाठ क्वचितच पडते. आमच्याकडे येतात त्या बाटल्या, स्वॅब आणि त्यांवरची लेबलं. त्या सकाळी मात्र मी संसर्ग-नियंत्रणाच्या फेरीसाठी मेडिसिन वॉर्डात होते, म्हणून आबांना बघता आलं.

भोगावतीकाठच्या गावातले शेतकरी. यकृताला सिरोसिस, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं, अंगात कसर, आणि आदल्या रात्रीपासून बरळणं. फाइल भरताना कुणीतरी विचारलं, "दारू किती वर्षांपासून घेतात?" मुलगा एकदम तडकला. "माळकरी माणूस हाय ओ! जन्मात हात लावलेला न्हाई दारूला." त्याचं खरंच होतं. जुना मधुमेह आणि यकृतात साठत गेलेली चरबी, एवढ्यावरही सिरोसिस होतो. असे पेशंट आता वरचेवर येतात आणि प्रत्येकाच्या घरच्यांना हा प्रश्न झेलावा लागतो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

सिस्टरांनी अँटिबायोटिक भरून सिरिंज ट्रेमध्ये ठेवली होती. रेसिडेंट डॉक्टरला म्हटलं, "आधी पोटातलं पाणी काढ, रक्ताचं कल्चर घे, मग लगेच डोस दे." कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायचे; डोस आधी गेला तर ते पुष्कळदा वाढतच नाहीत. तो तयारच होता. पाणी सिरिंजमध्ये आलं ते स्वच्छ पिवळं नव्हतं, गढूळ होतं. ते तिथंच, खाटेशेजारी, कल्चरच्या बाटल्यांत भरलं. साध्या नळीत घालून लॅबला पाठवलं तर पोटातल्या पाण्याच्या संसर्गात पुष्कळदा काहीच उगवत नाही, कारण पाण्यात जंतू थोडे असतात. बाटलीतल्या खाद्यावर ते वाढतात. या सगळ्याला पाव तासही लागला नाही.

यकृताच्या पेशंटला हा संसर्ग बाहेरची जखम नसताना होतो. एरवी आतड्याकडून येणारं रक्त यकृतात गाळलं जातं, त्यातले जंतू तिथंच मारले जातात. सिरोसिसमध्ये यकृत कडक होतं, रक्त आडवाटेनं पुढं जातं, आतड्याचं अस्तरही ढिलं पडतं. आतड्यातले जंतू पोटातल्या पाण्यात उतरतात, आणि त्या पाण्यात जंतूंशी लढणारी प्रथिनं जेमतेमच असतात. पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 250 किंवा जास्त असल्या की संसर्ग धरायचा आणि कल्चरची वाट न बघता उपचार सुरू करायचे. आबांच्या 1,900 निघाल्या.

दुपारी मुलानं एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढं रिकामी केली. आतापर्यंतची सगळी औषधं होती त्यात. दुसऱ्या एका दवाखान्यात महिन्याभरापूर्वी ॲडमिट होते, तिथं सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झालेली. त्यानंतर तापाला म्हणून गोळ्यांचे दोन वेगवेगळे कोर्स, दोन्ही अर्धवट सोडलेले. पित्ताच्या गोळ्या तर कुणीतरी कधीतरी सुरू केल्या आणि थांबवायच्या राहूनच गेल्या. पोटातलं आम्ल कमी झालं की अशा पेशंटमध्ये संसर्गाचा धोका वाढलेला दिसतो, म्हणून खरी गरज नसेल तर त्या बंद कराव्यात. एका स्ट्रिपवरच्या उभ्या लाल रेघेवर मी बोट ठेवलं. तो म्हणाला, "ही कंपनीची खूण न्हवं?" ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, याची ती खूण. 2016 साली सरकारनं या लाल रेघेची मोहीम काढली होती. त्याच्यापर्यंत ती कुणी पोचवलीच नव्हती. त्याला मी काय बोलणार?

अलीकडेच ॲडमिट होऊन गेलेला पेशंट, म्हणून वॉर्डानं सेफ्ट्रायॅक्सोन बाजूला ठेवून पहिल्यापासूनच त्याहून जोरदार मेरोपेनेम दिलं होतं. निर्णय बरोबर होता. पण रात्री मशीननं बाटली पॉझिटिव्ह दाखवली, स्लाइडवर दांड्यासारखे गुलाबी जंतू दिसले, आणि पुढच्या दिवशी प्लेटवर क्लेब्सिएला नावाचा जंतू वाढला. औषधाच्या चकत्या लावलेली प्लेट मी उजेडात धरली. औषध चालत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. मेरोपेनेमच्या चकतीला जंतू कडेपर्यंत भिडले होते. तपासणीत एनडीएम निघालं, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधं तोडणारं विकर. पोटात गोळा आला. मी फोन उचलून वॉर्डाला कळवलं. असा रिपोर्ट कागदावर टाइप होऊन जाईपर्यंत थांबायचं नसतं.

कोलिस्टिन द्यावं असा एक विचार होता. पण ते मूत्रपिंडाला जड, आणि आबांचं क्रिएटिनिन आधीच वर चाललं होतं. मी ॲझट्रिओनॅम आणि सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम यांच्या चकत्या एकाच प्लेटवर ठरलेल्या अंतरावर ठेवल्या. ॲझट्रिओनॅमला एनडीएम तोडू शकत नाही, पण त्याच जंतूकडची दुसरी विकरं तोडतात. त्या दुसऱ्या विकरांना ॲव्हिबॅक्टम रोखतं. दोन्ही चकत्यांच्या बाहेरच्या बाजूला दाट वाढ होती आणि त्यांच्या मधोमध काचेसारखा स्वच्छ पट्टा. तो बघून मला इतकं बरं वाटलं की टेक्निशियन मुलीला हाक मारून दाखवला. दोन्ही औषधं एकत्र द्यायची ठरली.

खर्चाचं बोलणं मुलाशी झालं तेव्हा मी तिथं होते. औषधं महाग, वर अल्ब्युमिन, म्हणजे शिरेतून द्यायचं रक्तातलं प्रथिन. या आजारात मूत्रपिंड वाचवायला पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागं दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम अल्ब्युमिन द्यावं लागतं. आबांचं वजन साठच्या आसपास, आणि शंभर मिलीच्या बाटलीत वीस ग्रॅम. हिशेब ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "उसाच्या बिलाचा हप्ता यायचाय अजून. सोसायटीतनं बघतो. तुम्ही थांबू नका." ही औषधं गावाकडच्या माणसाच्या आवाक्यात यायलाच हवीत. आलेली नाहीत, आणि मला त्याचा राग येतो.

आबांची खाट कोपऱ्यात हलवली. स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा, युरिन पॉट, सगळं वेगळं. हा जंतू वॉर्डात हातावरून फिरतो. शेजारच्या खाटेवरही यकृताचाच पेशंट होता, तेवढाच अशक्त. मावशींना, सिस्टरांना, फेरीवर येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही मी तेच सांगत राहिले: शिवण्याआधी हात, शिवल्यावर हात. मोठ्या डॉक्टरांना दुसऱ्यांदा सांगताना वॉर्डात जरा शांतता पसरते. तरी सांगायचं.

औषध बदलल्यावर 48 तासांनी पुन्हा पोटातलं पाणी तपासलं. पेशी निदान पाव हिश्शानं उतरायला हव्यात, नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजायचं. त्या 600 वर आल्या होत्या. लॅक्ट्युलोज या जुलाबाच्या औषधानं पोट साफ होत गेलं तशी शुद्धही आली. मुलानं सांगितलं, आबांनी पहिल्यांदा विचारलं ते म्हशीचं.

यकृत काही बरं झालेलं नाही. प्रत्यारोपणासाठी पुण्याला दाखवायला सांगितलंय, आणि असा संसर्ग पुन्हा होऊ शकतो हेही घरच्यांना स्पष्ट सांगितलंय. डिस्चार्जच्या दिवशी मुलगा लॅबमध्ये आला. "गावात ताप आला तर काय दाखवू?" मी त्याला एका कागदावर मराठीत लिहून दिलं: जंतूचं नाव, कुठली औषधं चालत नाहीत, कुठली चालली, आणि खाली मोठ्या अक्षरात, 'अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचं आणि पोटातल्या पाण्याचं कल्चर घ्यावं.' त्यानं झेरॉक्स काढून एक प्रत गावातल्या डॉक्टरांकडे दिली. पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरांचा मला फोन आला. कल्चरच्या बाटल्या कुठं मिळतात आणि दवाखान्यात ठेवायच्या तर कशा, एवढं त्यांना विचारायचं होतं.