‘दोन तासांत मोकळे व्हाल’: पेठ–नाशिक–पेठ

भाच्याच्या डोळ्याचे फोटो काढायला नाशिकच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, “दहाला या, दोन तासांत मोकळे व्हाल.” पेठला परतलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

भाचा नऊ वर्षांचा. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल, दुसरी पिवळट. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून दिला, त्यात सहा महिने गेले. अशी बाहुली दिसली तर दुकानात जाऊच नका, थेट डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) डॉक्टर गाठा. बाहुलीच्या मागे कॅन्सरची गाठही असू शकते, आधी ती नाही ना हे बघावं लागतं. आमच्याकडे सोनोग्राफीत गाठ नव्हती. निघाला कोट्सचा आजार: पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून झिरपतात आणि चरबीचा पिवळा थर साचतो. बहुतेक मुलग्यांनाच, तेही एकाच डोळ्याला. आनुवंशिक नाही, ग्रहणाशीही संबंध नाही. हे ताईच्या सासूबाईंसमोर डॉक्टरांकडून मोठ्याने वदवून घेतलं.

सावळघाटात पोरगं ओकलं. सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती एसटी स्टँडवर, रिक्षावाल्याने दीडशे सांगितले. चालत गेलो, बारा मिनिटं लागली.

खरा वैताग पुढे. बाहुली मोठी करायचे थेंब घालत अडीचपर्यंत बाकावर बसवलं. मग हाताच्या शिरेत पिवळा डाय (रंगाचं औषध) सोडून पडद्याचे भराभर फोटो काढले. काम पंधरा मिनिटांचं! डायने पोरगं पुन्हा ओकलं. फोनवर सांगितलेला आकडा नुसत्या फोटोंचा होता, बिलात डाय वेगळा लावला. तेव्हा विचारताना “डाय धरून किती?” असंच विचारा.

आणि एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. सीबीएसच्या मुतारीतून पोरगं रडत बाहेर आलं, “मामा, मला कावीळ झाली!” लघवी झेंडूसारखी, कातडीही पिवळी. हे डायमुळेच होतं, एक-दोन दिवसांत जातं. पाणी पाजत राहा. गॉगल घरून न्या, थेंबांनंतर ऊन सोसत नाही.

दुसऱ्या खेपेला भूल देऊन लेसर केलं, गळणाऱ्या वाहिन्या भाजून बंद केल्या. सगळं सुरळीत झालं, सांगण्यासारखं काही नाही. फक्त उपाशीपोटी किती वाजल्यापासून ठेवायचं ते नीट विचारून घ्या.

गेलेली नजर परत येईल या आशेने जाऊ नका, उरलेली वाचवायला जा. आजार उलटतो, त्यामुळे खेपा चालूच राहतात. पुढच्या वेळी ताडून बघायला पहिले फोटो लागतात. सीडीचे वेगळे शंभर मागतील. ते मात्र कुरकुर न करता द्या.