‘बार’चे रेखाटन आणि उरलेला कोसा

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात माझे शिवणकामाचे छोटे दुकान आहे, आणि पावतीपुस्तकाच्या मागे ब्लाउजचा गळा काढून शेजारी ‘9 इंच’ लिहिणे एवढीच माझी रोजची चित्रकला. त्यामुळे फ्रेंच पोशाखकार ख्रिस्तियन दिओर यांच्या ‘बार’ या पोशाखाचे रेखाटन मोबाइलवर पाहिले, तेव्हा सवयीने मी त्यात मापे शोधू लागले. एकही नव्हते. उतरते खांदे, मुठीत मावेल अशी कंबर, तिच्याखाली एकदम फुगलेले जॅकेट आणि पोटरीपर्यंत पसरलेला काळा स्कर्ट, एवढे मोजक्या रेघांत दाखवून हात मोकळा केलेला.

हा हात गरजेपोटी बसलेला होता. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर 1930च्या दशकात दिओर पॅरिसमध्ये टोप्यांची आणि पोशाखांची चित्रे विकत असत. पुढे पिगे आणि लुलाँ या पोशाखकारांकडे नोकरी झाली, कापड कारखानदार मार्सेल बुसाक यांनी भांडवल दिले, आणि 12 फेब्रुवारी 1947 रोजी त्यांचा पहिला संग्रह लोकांसमोर आला. त्यातल्या एका धाटणीला त्यांनी ‘कोरोल’, म्हणजे फुलाचे पाकळीमंडल, असे नाव दिले. परकराच्या पट्ट्यांना आपणही कळ्याच म्हणतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले.

दिओर लहान लहान रेखाटने ढिगाने काढत. त्यांतली निवडक कार्यशाळेच्या प्रमुख कारागिरांकडे जात, आणि खऱ्या कापडाला कात्री लागण्याआधी साध्या सुती कापडावर, आपल्या मांजरपाटासारख्या, नमुना बेतला जाई. खरे काम तिथेच होते, असे माझे मत आहे, कारण कागदावरची रेघ फुगली म्हणून कापड फुगत नाही. ‘बार’च्या जॅकेटला कमरेखाली आतून भरणी द्यावी लागली होती.

ते जॅकेट शान्टुंग रेशमाचे होते. हे नाव चीनच्या शानडोंग प्रांतावरून आलेले असून मुळात ते तिथल्या रानरेशमाचे कापड, म्हणजे आमच्या ऐनाच्या झाडावरच्या कोशाचे (टसर रेशमाचे) भाऊबंदच. म्हणून आंधळगावच्या कोशाचा एक उरलेला तुकडा घेऊन मी कमरेखालचा तो घेर शिवून पाहिला. बुकरम, म्हणजे आतले ताठ कापड, दोनदा लावले, तरी घेर खाली बसला आणि शिलाईपाशी कोसा विरला. आता दोन मीटर मांजरपाट आणून ठेवला आहे.