उंची वाढली आणि डबल ॲक्सल हरवला

टोरोंटोजवळच्या एका स्केटिंग क्लबातील मुलामुलींची फिजिओथेरपिस्ट म्हणून मी काम पाहते. गेल्या हिवाळ्यात प्रशिक्षकांनी 12 वर्षांच्या एका मुलीला माझ्याकडे पाठवले. बरेच महिने सहज जमणारा डबल ॲक्सल (बर्फावरच्या फिगर स्केटिंगमधली, हवेत फिरकी घेत मारायची उडी) तिला एकाएकी जमेनासा झाला होता आणि मुलगी सरावात अंग चोरते, अशी मूळच्या पुण्याच्या तिच्या आईची पक्की समजूत झाली होती.

मी तिला रबरी चटईवर बुटांशिवाय उडी मारायला लावली. उडी पूर्वीइतकीच उंच होती, पण फिरकी अपुरी पडत होती. या उडीच्या अडीच फेऱ्या हवेतल्या जेमतेम अर्ध्या सेकंदात पुऱ्या व्हाव्या लागतात. हातपाय लांबले, की तेवढ्याच जोराने घेतलेली फिरकी मंदावते आणि अंगवळणी पडलेला ठेका चुकतो. सहा महिन्यांत तिची उंची पाच सेंटिमीटरने वाढली होती. उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दाबताच तिने पाय झटकन मागे घेतला. ती उतरते याच पायावर, आणि स्केटच्या ताठ बुटामुळे घोटा फारसा वाकत नसल्याने उतरतानाचा बराच भार गुडघ्यावर येतो. या वयात मांडीच्या स्नायूचा ताण तिथल्या वाढत्या हाडाला सोसत नाही.

“ताई, आता थांबली तर बाकीच्या मुली पुढे निघून जातील हो,” आई म्हणाली. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने 2022 मध्ये वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने 15 वरून 17 वर नेण्याचे ठरवले आणि 2024-25 पासून ती पूर्णपणे लागू झाली, हे मी त्यांना सांगितले. (हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता, असे माझे मत आहे.) तुमच्या मुलीच्या हाताशी अजून काही वर्षे आहेत, हे मात्र त्यांना सावकाश पटले.

प्रशिक्षकांनी दुहेरी उड्या बंद करून तो वेळ एजेस (स्केटच्या पात्याच्या कडेवर तोल सांभाळत सरकणे), पदन्यास आणि नेटक्या उतरणीच्या एकेरी उड्यांना दिला. कमरेतून मागे झुकून घ्यायच्या गिरक्याही आम्ही कमी केल्या, कारण वाढीच्या वयात मणक्याच्या हाडाला त्याने बारीक तडा जाऊ शकतो. लहान मुलींबरोबर एकेरी उड्या माराव्या लागतात म्हणून ती धुसफुसत असे. पण पदन्यासात तिला स्वतःलाच फरक दिसू लागला.

वसंतात डबल ॲक्सल परतला, आधीपेक्षा लांब पल्ल्याचा. आईने लगेच तिहेरी उडीचा विषय काढला. दर तीन महिन्यांनी उंची मोजायची आणि वाढीचा वेग ओसरल्यावरच त्यावर बोलायचे, असे आम्ही ठरवले आहे.