चिव्हिता दी बान्योरेजो: रविवारी जाऊ नका

रविवारी इटलीतल्या ओर्व्हिएतो शहरातून चिव्हिता या कड्यावरच्या जुन्या गावाला जायला बस नाही. सार्वजनिक सुट्टीलाही नाही. एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर आमचे टॅक्सीचे 120 युरो वाचले असते, म्हणून तेच सगळ्यात आधी लिहितेय. रोममध्ये जिथे उतरलो होतो तिथल्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "ओर्व्हिएतो स्टेशनबाहेर बस उभ्याच असतात, केव्हाही जा." खोटं आहे. सोमवार ते शनिवारसुद्धा मोजक्याच फेऱ्या असतात आणि एक बस चुकली की पुढच्या बसपर्यंत तासन्‌तास जातात. वेळापत्रकात ज्या गाडीपुढे 'फेरियाले' लिहिलंय ती सोमवार ते शनिवारच धावते, हे लक्षात ठेवून वाचा.

स्टेशनसमोर आम्ही चौघं सोडून चिटपाखरू नव्हतं. टॅक्सीवाल्याने एका बाजूचे 60 युरो सांगितले. मीटर लावणार नाही म्हणाला आणि वर दोनच तास थांबेन अशी अट घातली. अंतर आहे जेमतेम 20 किलोमीटर. चौघांत वाटले तरी ही लूटच. पण मावशी भारतातून येतानाच "तो पूल बघायचाय मला" म्हणत आली होती, त्यामुळे बसलो गाडीत.

आता त्या पुलाबद्दल, म्हणजे दरीवरून चिव्हिता गावात नेणाऱ्या पादचारी पुलाबद्दल. फोटोत तो डौलदार आणि सपाट दिसतो, पण तसा तो नाही. आधी पायऱ्यांनी खाली उतरायचं, मग सुमारे 300 मीटर चालायचं. सुरुवातीला काही वाटत नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र पूल एकदम उभा होतो आणि तिथून वेशीपर्यंत थांबायला धड जागा नाही. सावली औषधालाही नाही. जूनमधली दुपारची वेळ, खालून काँक्रीट तापलेलं आणि डोक्यात टॅक्सीवाल्याचं घड्याळ. सह्याद्रीत एखादा गड चढलेल्या माणसाला हा चढ काहीच नाही, मी तो न थांबता चढले. पण मावशीला दर वीस पावलांवर कठड्याला धरून उभं राहावं लागलं आणि मागून येणारी गर्दी तिला ढकलत पुढे जात होती. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना भर दुपारी इथे आणू नका. पूल अलीकडच्या काठावरच्या सज्जातूनही पूर्ण दिसतो, आणि तिथे बसायलाही मिळतं.

वर पोचल्यावर मावशी चौकातल्या सान दोनातोच्या चर्चमध्ये जाऊन बसली ती उठेचना. आत पंधराव्या शतकातला लाकडी क्रूस आहे. तिथेच आमची वेळ संपली.

सोमवारी मी आणि माझी बहीण पहाटे उठून पुन्हा गेलो, या वेळी बसने. तोच रस्ता, तेच वळण, आणि तिकीट अगदी थोड्या युरोंचं! बस बान्योरेजो गावात सोडते, तिथून पूल दोनेक किलोमीटरवर आहे. तो रस्ता सरळ गावातून जातो, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. पुलाच्या अलीकडे माणशी 5 युरोंचं तिकीट आहे. हे शुल्क 2013 पासून घेतात, सुरुवातीला ते दीड युरो होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाव खरोखरच ढासळतंय. वर ज्वालामुखीच्या राखेचा टफ दगड, खाली चिकणमाती. दोन्ही बाजूंचे ओढे आणि पाऊस ती माती नेतात आणि वरचा कडा तुकड्यातुकड्यांनी कोसळतो. 1695 च्या भूकंपानंतर बहुतेक लोक बान्योरेजोला उतरले. तेराव्या शतकातले ख्रिस्ती संत बोनाव्हेंतुरा इथलेच, त्यांचं घरही दरीत गेलं. आता वर्षभर राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. सध्याचा पूल 1965 चा.

रोमनांच्याही आधी इथे राहणाऱ्या एत्रुस्कन लोकांनी खडकात खोदलेल्या वेशीतून आम्ही आत शिरलो तेव्हा चौकात मांजरं आणि आम्ही दोघी. गल्लीच्या टोकाला जाऊन खालच्या मातीच्या धारदार कडा बघितल्या आणि इतका आनंद झाला की बहिणीला म्हटलं, आपण रोज येऊ. उत्साहात बोलले खरं, पण साडेदहाला पहिले गट आले आणि गल्लीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. म्हणून सांगते, पहिली बस किंवा काहीच नाही. रोमहून सकाळी निघून संध्याकाळी परत हा बेत तर साफ रद्द करा. ओर्व्हिएतोत मुक्काम करा.

ओर्व्हिएतोचा दिवस सुखात गेला. 1290 ला पाया घातलेलं कॅथेड्रल, त्यातलं चित्रकार सिन्योरेल्लीने 1499 ते 1504 या काळात रंगवलेलं सान ब्रित्सिओचं प्रार्थनागृह, सगळं नीट बघून झालं. पाय मोडणारी जागा म्हणजे पोत्सो दी सान पात्रित्सिओ ही विहीर. 1527 मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप क्लेमेंट सातवे इथे आश्रयाला आले होते. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्यांनी वास्तुविशारद सांगाल्लोकडून ती खोदायला घेतली, 1537 ला पूर्ण झाली. खोली सुमारे 53 मीटर. उतरायला 248 पायऱ्या आणि चढायला वेगळ्या 248, म्हणजे पाणी वाहणारी खेचरं समोरासमोर येणार नाहीत. आत गार असतं, वर येताना घाम फुटतोच. स्टेशनवरून टेकडीवर नेणारी दोरखंडाची रेल्वे, फ्युनिक्युलर, जिथे वर सोडते तिथेच ती आहे. पाय ताजे असताना आधी तीच करा, कॅथेड्रल नंतर.

बाकी थोडक्यात. रोमहून प्रादेशिक रेल्वेने सव्वा ते दीड तास लागतो. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. बसचं तिकीट स्टेशनवरच्या तंबाखूच्या दुकानात मिळतं, आदल्या दिवशीच जातायेताची दोन्ही घ्या. बान्योरेजोला उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावर वाचून फोटो काढा आणि तिच्या निदान तासभर आधी पूल सोडा. ती गेली की पुन्हा टॅक्सीवाल्यांच्याच तावडीत सापडाल.